चेंडू आपलं ऐकत नाही, तरी पोकेमॉन कसे धरायचे?

जत्रेच्या फेरीत एक खेळ असायचा. तिरकी फळी, तिच्यावर ओळीने ठोकलेले खिळे, खाली कप्पे आणि कप्प्यांवर आकडे. कडेची दांडी ओढून सोडली की गोटी वर जायची आणि खिळ्यांना आपटत खाली यायची. दांडी सुटली की आपलं काम संपलं. पुढे नुसतं बघत राहायचं, गोटी पडेल तो कप्पा आपला. आमच्या डिचोलीतल्या पोरांची बरीच चिल्लर त्या फळीने खाल्ली.

पिनबॉल म्हणजे त्याच फळीचा शिकून-सवरून शहरात गेलेला नातू. त्याच्या खालच्या टोकाला दोन हलत्या पट्ट्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. चेंडू घरंगळत खाली आला की पट्टी उचलून त्याला परत वर धाडायचं. दोन पट्ट्यांमधल्या फटीतून तो निसटला की गेला. अमेरिकेतल्या गॉटलिब कंपनीने १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनला असे विजेवर चालणारे फ्लिपर बसवले. तोपर्यंत हा खेळ जवळजवळ नशिबाचाच होता, त्यानंतर त्यात खेळणाऱ्याचा हात आला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ‘पोकेमॉन पिनबॉल’. पोकेमॉन म्हणजे जपानी व्हिडिओ गेममधले काल्पनिक प्राणी, ते धरून गोळा करायचे असतात. १९९९ साली निन्टेंडोच्या गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ज्युपिटर आणि हॅल लॅबोरेटरी या जपानी कंपन्यांनी मिळून तो बनवला. आमच्या वाड्यावर तो आला एका तारवट्याच्या सामानातून. शेजारचे काका बोटीवर होते, सुट्टीवर आले की बॅगेतून काय निघेल याचा नेम नसे. एकदा गेम बॉय निघाला आणि आमचं अख्खं पावसाळी सत्र त्यात गेलं. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि गेम इंग्रजीत. माहितीपुस्तिका बहुधा कुठल्यातरी बंदरावरच राहिली असावी. त्यामुळे कित्येक महिने आम्ही तो त्या खिळ्यांच्या फळीसारखाच खेळलो, म्हणजे पट्ट्या बडवायच्या आणि देवावर हवाला. पडद्यावर उजवीकडे ‘गेट’ अशी अक्षरं पेटत, तेव्हा आम्ही ओरडायचो, ‘दार उघडलं!’ ते दार नसून ‘पकड’ असं सांगणारं इंग्रजी क्रियापद आहे, हे फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे आमचा अर्थही अगदीच चुकीचा नव्हता, कारण ती अक्षरं पेटल्यावर खरोखरच एक तोंड कामाला लागतं.

यंदा चवथीला भाच्याने कपाटातून तो गेम बॉय शोधून काढला. मामा, हे कसं खेळतात, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत मावेना, म्हणून हा लेख.

या खेळात दोन विरुद्ध स्वभावांच्या गोष्टींचा संसार लावून दिलेला आहे. पोकेमॉन गोळा करणं हे इराद्याचं काम. मला अमुक प्राणी हवा, तो तमुक ठिकाणी मिळतो, तिथे जायचं, धरायचा, वाढवायचा. पिनबॉलमध्ये मात्र इरादा ठेवायला जागाच दिसत नाही, चेंडू जाईल तिकडे आपण धावायचं. मग ‘मला हा पोकेमॉन हवा’ हे अशा अडेल चेंडूला सांगायचं कसं? त्यावरचं उत्तर खेळाने पटावरच मांडून ठेवलंय. प्रत्येक इराद्याला पटावर एक जागा आहे. चेंडू त्या जागी गेला की खेळ समजतो, याला हे हवंय.

पट दोन आहेत, एक लाल आणि एक निळा. पडदा इवलासा, १६० बाय १४४ ठिपक्यांचा. त्यात अख्खा पट मावत नाही म्हणून त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केलेत. चेंडू वर गेला की पडदा एका झटक्यात वरचा भाग दाखवतो, खाली आला की खालचा. नवशिक्याचे पहिले चेंडू बहुतेक या झटक्यातच जातात. डोळा वरच्या भागात अडकलेला असतो आणि चेंडू तोवर फटीपाशी पोचलेला. एका डावाला तीन चेंडू मिळतात.

आता लाल पटाचं उदाहरण घेऊ. पटाच्या दोन्ही कडांनी वर जाणाऱ्या, वळसा घालणाऱ्या दोन वाटा आहेत. उजव्या वळशातून चेंडू गेला की ‘गेट’चा एक बाण पेटतो. दोन बाण पेटले की पकडायची तयारी झाली. मग वरच्या भागातल्या बेलस्प्राउट या पोकेमॉनच्या (वेलीसारखं अंग, घंटेसारखं तोंड) तोंडात चेंडू घालायचा, की पकडापकडीची मोहीम सुरू. दोनऐवजी तीन बाण पेटवून आत गेलात तर त्या ठिकाणचे दुर्मीळ पोकेमॉन समोर येऊ शकतात. हे मला कळलं तेव्हा मी गेम सोडून किती वर्षं झाली होती ते विचारू नका. दोन बाण पेटले की मी घाईघाईने बेलस्प्राउटकडे धावायचो आणि वर कुरकुर करायचो की सारखे तेच तेच पोकेमॉन का येतात.

मोहिमेला दोन मिनिटं मिळतात. पटाच्या मधल्या फलकावर पोकेमॉनचं चित्र झाकलेलं असतं. वरच्या भागात व्होल्टॉर्ब नावाचे तीन पोकेमॉन बंपरसारखे बसवलेत, म्हणजे चेंडू आपटला की ते त्याला जोरात परत फेकतात. प्रत्येक आपट्यागणिक चित्र तुकड्यातुकड्याने उघडतं. पूर्ण उघडलं की तो प्राणी पटाच्या मधोमध येऊन उभा राहतो. मग चेंडूने त्याला पुन्हा पुन्हा ठोकायचं, पुरेसे ठोके बसले की तो आपला. वेळ संपली तर तो निसटतो, आणि मध्येच चेंडू फटीत गेला तर मोहीमही त्याच्याबरोबर जाते. नीट पाहिलंत तर यात नेम लागणारी आणि नेम न लागणारी कामं आलटून पालटून ठेवलीत. वळशासाठी नेम लागतो, तोंडासाठी नेम लागतो, पण बंपरपाशी नेमाचं काही चालत नाही, तिथे चेंडू आपोआप तीन-चार वेळा आपटून येतो. प्राणी समोर आल्यावर पुन्हा नेम. खिळ्यांची फळी आणि नेमबाजी यांना पाळीपाळीने कामाला लावलंय.

कोणता पोकेमॉन येणार हे मात्र आपण पटावर कुठल्या गावात आहोत यावर ठरतं. गोव्यातल्या वाचकाला हे समजावणं सोपं आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो, तिच्यासाठी नारळ, सुपारीचं कात्र, तोरिंग, चिबूड, कांगलां, कवंडाळ असं सगळं जमवावं लागतं. नारळ-सुपारी कुळागरात मिळेल, चिबूड बाजारात मिळेल, पण कांगलां हवीत तर रानात गेल्याशिवाय भागत नाही. कुठलं फळ कुठल्या रानात हे ज्याला ठाऊक त्याचीच माटोळी भरते. इथेही तसंच आहे. पॅलेट टाउन, लॅव्हेंडर टाउन ही गावं लाल पटावरच आहेत, सेलाडॉन आणि सॅफ्रन निळ्या पटावरच. त्यामुळे एकाच पटाला चिकटून बसलात तर १५१ पोकेमॉनची यादी कधीच भरणार नाही. एका गावातून दुसऱ्या गावात जायची सोय खालच्या भागात आहे. लाल पटावर कडेला दोन डिग्लेट जमिनीतून डोकं काढून बसलेत. त्यांना तीनदा ठोकलं की प्रवासाची संधी मिळते, मग दाखवलेल्या बाजूला चेंडू नेला की गाव बदलतं. निळ्या पटावर डिग्लेटच्या जागी पोलिवॅग आणि सायडक आहेत, आणि बंपर म्हणून व्होल्टॉर्बऐवजी शेल्डर.

पकडणं उजवीकडे, तर वाढवणं डावीकडे. डाव्या वळशातून चेंडू तीनदा नेला की ‘इव्हो’चे बाण पूर्ण पेटतात, मग डावीकडच्या डिट्टो या पोकेमॉनपाशी चेंडू घातला की उत्क्रांतीची मोहीम सुरू होते. या डावात पकडलेल्या पोकेमॉनांमधून एक निवडायचा. पटावर ठिकठिकाणी बाण लुकलुकतात, त्या जागांना चेंडू लावत राहायचं. योग्य जागा लागली तर एक वस्तू बाहेर पडते, ती चेंडूने उचलायची. अशा तीन वस्तू गोळा झाल्या की मधलं बीळ उघडतं, त्यात चेंडू गेला की पोकेमॉनचं पुढचं रूप हाती येतं. वस्तू कोणती हे प्राण्यावर अवलंबून. बहुतेकांना अनुभवाचे गुण लागतात, काहींना अग्नी-पाण्यासारखे खडे, आणि मूळ पोकेमॉन गेममध्ये दोन गेम बॉय वायरने जोडून अदलाबदल केल्यावरच जे बदलायचे त्यांच्यासाठी इथे चक्क वायरचं चित्र येतं. कडाब्रा नावाच्या अशाच एका पोकेमॉनसाठी मला मूळ गेममध्ये दुसरा गेम बॉय हवा होता आणि अख्ख्या वाड्यावर तो एकच होता. इथे एकट्यानेच काम झालं, त्याचा आनंद मला अजून आठवतो.

थोडक्यात डावा वळसा म्हणजे वाढवणं आणि उजवा म्हणजे पकडणं, एवढं डोक्यात बसलं की पट एकदम नकाशासारखा वाचता येतो. पण वाचता येणं वेगळं आणि तिथे चेंडू पोचवणं वेगळं.

हात थांबवायचा कसा

भाच्याला मी पहिल्यांदा हे शिकवलं, आणि माझ्या मते अख्ख्या खेळाची किल्ली हीच आहे. तो दोन्ही बटणं ढोलावरच्या काठ्यांसारखी बडवत होता. मी म्हटलं, बडवू नकोस, दाबून धर.

पट्टी उचलून तशीच धरून ठेवली तर ती आणि कडेची वाट यांच्यामध्ये एक पाळणा तयार होतो. कडेने घरंगळत आलेला चेंडू त्यात येऊन हळू होतो आणि थांबतो. चेंडू थांबला म्हणजे आता विचार करायला वेळ आहे. कुठे जायचंय, किती बाण पेटलेत, पिकाचू (त्याच्याबद्दल पुढे) कुठल्या बाजूला आहे, सगळं शांतपणे बघून घ्यायचं. मग पट्टी सोडायची. चेंडू पट्टीवरून टोकाकडे सरकू लागतो, आणि तो नेमका कुठे असताना आपण पट्टी परत उचलतो यावर त्याची दिशा ठरते.

यामागचं गणित असं. डावी पट्टी विसाव्याला असताना तिचं टोक उजवीकडे खाली झुकलेलं असतं, म्हणजे तिच्यावरून सरळ निघणारी वाट वर आणि उजवीकडे जाते. टोकाचा भाग सगळ्यात वेगाने फिरतो, म्हणून तिथे असलेल्या चेंडूला पट्टी उचलायला लागताक्षणी फटका बसतो आणि तो उजवीकडे आडवा सुटतो. मुळाशी असलेल्या चेंडूला पट्टी आधी थोडी उचलून घेते आणि नंतर सोडते, तोवर तिची दिशा बदललेली असते, म्हणून तो सरळ वर किंवा चक्क डावीकडे जातो. नियम एवढाच की उशिरा मारलं तर पलीकडच्या बाजूला, लवकर मारलं तर आपल्या बाजूला. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीच्या कुठल्या बाजूला लागला यावर सोंगटीची दिशा ठरते, त्याच जातीची ही गोष्ट.

हे पटाच्या नकाशाशी जोडा. उजवा वळसा पकडायचा आहे, म्हणजे चेंडू डाव्या पट्टीवर थांबवायचा आणि टोकाशी जाईपर्यंत धीर धरायचा. वाढवायचं असेल तर उजव्या पट्टीवर थांबवून डावा वळसा. म्हणजे नवा पोकेमॉन हवा की जुना मोठा करायचा, हा निर्णय आपण प्रत्यक्षात चेंडू कुठल्या पट्टीवर थांबवतो तिथेच झालेला असतो. भाच्याने हे ऐकून ‘म्हणजे डावा हात पकडायला, उजवा हात वाढवायला’ असं एका वाक्यात आटपलं. मला इतकी वर्षं ते इतकं नेमकं सुचलं नव्हतं.

खरं पिनबॉल मशीन धक्का देऊन हलवता येतं, फार हलवलं की ‘टिल्ट’ होऊन चेंडू बाद होतो. इथे त्या धक्क्यालाही बटण दिलंय. चेंडू फटीकडे निघाला की ऐन वेळी पटाला धक्का देऊन त्याला जरासा बाजूला सरकवायचं. हे जमायला वेळ लागतो, पण एकदा हाताला सवय झाली की त्याशिवाय खेळवत नाही.

पिकाचू आणि इतर आधार

चेंडू जाण्याची जागा एकटी मधली फट नाही, कडेच्या गल्ल्यांतूनही तो खाली जातो. तिथे पिकाचू उभा असतो. पण तो एकच, आणि एका वेळी एकाच बाजूला. फ्लिपरचं बटण दाबलं की तो बाजू बदलतो. शिवाय त्याच्या अंगात वीज भरलेली असावी लागते. ती भरते पटावरच्या गरगर फिरणाऱ्या चकतीतून, चेंडू तिच्यावरून जितका जोरात जाईल तितकी वीज. वीज भरलेली आणि बाजू बरोबर, असं दोन्ही जमलं तर पिकाचू चेंडूला झटका देऊन वर उडवतो. नुसता पिकाचू दिसतोय म्हणून निर्धास्त राहिलेल्या माझ्या चुलतभावाने एका संध्याकाळी तिन्ही चेंडू त्याच गल्लीत घालवले. वीज शून्य होती, आणि दोष त्याने पिकाचूला दिला.

खालच्या चार वाटांवर चार अक्षरं आहेत, इंग्रजीतला ‘केव्ह’ शब्द होतो. चारही पेटली की मधलं बीळ उघडतं आणि आत लॉटरीसारखं चक्र फिरतं. कधी नुसते गुण, कधी जादा चेंडू, कधी दोन्ही बाजूंना पिकाचू, कधी थेट पकडायची मोहीम. पेटलेली अक्षरं फ्लिपरच्या बटणाने बाजूला सरकवता येतात, म्हणजे चेंडू आधीच पेटलेल्या वाटेकडे येतोय असं दिसलं तर ऐन वेळी दिवा हलवून न पेटलेली वाट त्याच्याखाली आणायची. बडवणारे आणि बघणारे यांच्यातला फरक इथे लगेच दिसतो.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो, कारण मूळ पोकेमॉन गेम खेळलेले लोक हमखास त्यात अडकतात. वरच्या तीन वाटा पेटवल्या की चेंडूला बढती मिळते, पोके बॉलचा ग्रेट बॉल, मग अल्ट्रा, मग मास्टर. मूळ गेममध्ये मास्टर बॉल म्हणजे पकड नक्की. इथे त्याचा पकडण्याशी काही संबंध नाही. इथे तो गुण वाढवतो, ग्रेट दुप्पट, अल्ट्रा तिप्पट, मास्टर पाचपट, आणि काही वेळाने बढती उतरते. यादी भरणं हाच हेतू असेल तर या वाटांच्या मागे लागायची गरज नाही. मी स्वतः कधी लागलो नाही, म्हणून माझे गुण नेहमी चुलतभावापेक्षा कमी आणि यादी नेहमी लांब.

तीन पोकेमॉन पकडले की बीळ एका वेगळ्या खेळाकडे नेतं. लाल पटावरून डिग्लेटांचा बोगदा किंवा भुतांचं स्मशान, जिथे आधी गॅस्टली, मग हाँटर, शेवटी धिप्पाड गेंगार. निळ्यावरून नाणी उधळणारा मियाउथ किंवा पाण्यातून डोकं काढणारे सील. पुढे म्यूटू, त्याच्याभोवती फिरणारं कवच भेदत ठोके द्यायचे. इथे चेंडू खाली गेला तरी आपल्या तीन चेंडूंतला कमी होत नाही, म्हणून बिनधास्त खेळावं.

२००३ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी याचा पुढचा भाग निघाला, ‘रुबी अँड सफायर’. त्यात पडदा झटक्याने बदलण्याऐवजी चेंडूबरोबर सरकतो, अंडी उबवता येतात, जमवलेल्या नाण्यांनी दुकानात खरेदी करता येते. दिसायला तो कितीतरी देखणा. मला तरी पहिलाच आवडतो, त्यात कमी गोष्टी आहेत आणि प्रत्येक गोष्टीची जागा लगेच कळते.

या खेळात डाव हरला तरी पकडलेले पोकेमॉन जात नाहीत. गुण प्रत्येक डावाला शून्यापासून सुरू होतात, पण पोकेडेक्स, म्हणजे पकडलेल्या पोकेमॉनची यादी, कायम राहते. म्हणून चेंडू गेल्यावर आम्ही रडायचो नाही, ‘एक तरी नवा मिळाला’ म्हणून गेम बॉय पुढच्याच्या हातात द्यायचो.

आता ती यादी राहते कुठे, ते सांगतो. गेम बॉयमध्ये जी गेमची डबी खोचतात तिला काडतूस म्हणतात. या काडतुसात दोन बॅटऱ्या असतात. एक बाहेरून दिसणारी, टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसला बारीक सेल. तो काडतूस थरथरवण्यासाठी. बंपरला चेंडू लागला की हाताला झिणझिण्या येतात त्या त्याच्यामुळे, आणि तो संपला तरी खेळ चालतो. दुसरी आतमध्ये, नाण्याएवढी, सर्किटला डाग देऊन जोडलेली. यादी त्या नाण्याच्या जीवावर टिकते. ती संपली की यादीही संपली, आणि ती बदलायची तर काडतूस खोलून डाग द्यावा लागतो. भाच्याने कपाटातून काढून गेम सुरू केला तेव्हा पोकेडेक्स कोरा होता. माझी चारेक पावसाळ्यांची कमाई कधी गेली कोण जाणे.

नवी बॅटरी बसवायला एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला सांगितलंय. तोवर भाचा बंद करायचंच नाही अशा अटीवर खेळतोय, गेम बॉय रात्रीसुद्धा चालू. काल विसर्जनाला निघताना त्याने तो आजीच्या हातात दिला. आजीने पट्टी दाबून धरली, चेंडू थांबला, आणि भाचा परत येईपर्यंत तिने बोट उचललं नाही.